कलमरावांची घरची चाल

६ फेब्रुवारी १९९०, मंगळवार. रुपये एक हजार आठशे पन्नास फक्त.

ही रक्कम मी माझ्या हाताने मोजून दिली होती, म्हणून तारखेसकट लक्षात आहे. ध्वनिमुद्रणाच्या कंपनीत हिशेब खात्यात लागून मला तेव्हा सहा महिने झाले होते. खिडकीसमोर एक तरुण उभा राहिला. काखेत क्लॅरिनेटची काळी पेटी, कॉलर घासलेली, बूट मात्र चकचकीत. दंतमंजनाच्या जाहिरातीसाठी त्याने चौदा सेकंदांची चाल करून दिली होती आणि तिचे पैसे तीन महिने अडकले होते. त्यासाठी तो अकरा वेळा येऊन गेला होता. मी पावती पुढे सरकवली. "वरील चालीचे सर्व हक्क कायमचे कंपनीस दिले," असे तिच्यावर छापलेले होते. त्याने विचारले, "सही कुठे?" मी बोट ठेवले. त्याने सही केली, नोटा दोनदा मोजल्या आणि तो गेला.

पुढे हाच माणूस बसच्या तिकिटाची मागची बाजूसुद्धा वाचू लागला. न वाचता सही केल्याचे आयुष्यात त्याच्याकडून दोनदाच घडले. पहिली वेळ ही. दुसरीची हकीकत पुढे सांगतो.

दोन वर्षांनी त्याच्या घरची वीज गेली. त्याने तक्रारीच्या नंबरावर फोन लावला. "कृपया प्रतीक्षा करा," असे एक बाई म्हणाली आणि पाठोपाठ त्याचीच दंतमंजनाची चाल सुरू झाली. पस्तीस मिनिटे ती त्याने ऐकली. वीज काही आली नाही. मग कळले की बँकेत फोन लावला तरी हीच चाल, गॅसवाल्याकडे लावला तरी हीच. सगळे शहर त्याच्या चालीवर ताटकळत होते आणि त्याला त्याचा छदाम मिळत नव्हता.

तो कंपनीत आला. तेव्हाचे आमचे वकील म्हणजे वयस्कर, शांत, जेवल्यावर पेंगणारे गृहस्थ. त्यांनी माझ्याकडून ती पावती मागवून घेतली, 'कायमचे' या शब्दावर चष्म्याची काडी ठेवली आणि त्याच्यासाठी चहा सांगितला. त्याने चहा संपवला, कप बशीत नीट उपडा घातला आणि तो थेट संध्याकाळच्या कायद्याच्या कॉलेजात जाऊन प्रवेशअर्ज घेऊन आला.

पाच वर्षे त्याने दिवसा वाजवले आणि संध्याकाळी शिकला. क्लॅरिनेटच्या पेटीत वाद्याशेजारी कराराच्या कायद्याचे पुस्तक बसावे म्हणून आतला मखमलीचा कप्पा कात्रीने कापून टाकला. दोन टेकच्या मध्ये इतर वादक विड्या ओढायला बाहेर जात, हा पुस्तक उघडून बसे. स्टुडिओत व्हायोलिन वाजवणारे एक बुजुर्ग काका होते. ते म्हणत, "सुरात वाजवणारे पाहिले, तालात वाजवणारे पाहिले. कायद्यात वाजवणारा हा पहिलाच." एकदा ध्वनिमुद्रकाने "अजून एकदा घेऊ या का?" असे विचारले, तर हा म्हणाला, "कोणत्या कलमाखाली?" त्या दिवसापासून सगळे त्याला कलमराव म्हणू लागले. पुढे पाटीवर खरे नाव लागले, तरी टपालवाला टपाल द्यायला येई तो 'कलमराव आहेत का' असेच विचारत.

वकील झाल्यावर पहिली चार वर्षे कलमराव वादकांच्या बाजूने लढले. लढाया मोठ्या होत्या आणि विजय लहान. एका गायिकेला त्यांनी सहाशे रुपये मिळवून दिले. एका बासरीवाल्याचे नाव कॅसेटच्या वेष्टनावर छापायला लावले. ते अक्षर इतके बारीक होते की बासरीवाला ते भिंगाशिवाय कोणाला दाखवू शकत नसे. वादकांकडे फी द्यायला पैसे नसत. एकाने फी म्हणून टेपरेकॉर्डर आणून दिला, तो आधीच आमच्या कंपनीकडे गहाण होता, म्हणजे तो सोडवायची नोटीसही कलमरावांनाच आली.

एवढ्यात आमचे जुने वकील निवृत्त झाले. संचालकसाहेब संस्थापकांचे चिरंजीव. संगीतातले त्यांना कळत नसे, पण कोण त्रास देऊ शकेल हे अचूक कळे. त्यांनी कलमरावांनाच बोलावून ती जागा देऊ केली. दरमहा पगार, पहिल्या मजल्यावर खोली, खिडकीला पडदा. स्टुडिओत गहजब झाला. व्हायोलिनवाले काका म्हणाले, "कोंबड्यांचा वकील कोल्ह्याच्या घरी जेवायला निघाला." कलमराव म्हणाले, "काका, बाहेरून कुलूप हलवून काही होत नाही. आत गेल्याशिवाय ते कसलं आहे ते कळत नाही."

ते आत गेले आणि कुलूप त्यांना कळले. ते फारच जुने आणि तकलादू निघाले. तेव्हा त्यांनी नवे, भक्कम बसवले.

म्हणजे काय केले, तर नऊ पानी करारनामा लिहिला. त्याआधी आमच्याकडे ती एका ओळीची पावती होती आणि कोणी कोर्टात गेलेच तर न्यायाधीश तिला हसत. नव्या करारनाम्याला कोणी हसले नाही. सतरावे कलम कलमरावांचे विशेष लाडके. त्यात असे होते की ध्वनिमुद्रणाच्या दिवशी कंपनीच्या आवारात वादक जे काही वाजवील, गाईल, शिट्टीवर घेईल अथवा गुणगुणेल, मग ते कामासाठी असो वा नसो, ते कंपनीच्या मालकीचे होईल. 'गुणगुणेल' हा शब्द त्यांना आंघोळ करताना सुचला होता. "यातून मुंगीसुद्धा बाहेर पडणार नाही," असे त्यांनी मला डबा खाताना सांगितले. मुंगी गुणगुणत नाही, असे मी म्हणालो. त्यांनी ते वहीत टिपून घेतले.

वादकांशी हा द्रोह झाला असे त्यांना मुळीच वाटत नसे. त्यांचे म्हणणे असे की, पूर्वी माणसे अंधारात लुबाडली जात. आता साध्या भाषेत, ठळक अक्षरात, दोन प्रतींत, आणि एक प्रत घरी न्यायला मिळते. ही सुधारणा आहे. शिवाय त्यांनी वादकांच्या बाजूचे एक कलम हट्टाने घातलेच होते. कलम चार. मोबदला पावतीवर प्रत्यक्ष अदा झाल्याशिवाय कोणताही हक्क कंपनीकडे जाणार नाही. अकरा खेपांची आठवण त्यांनी या एका कलमात पुरून ठेवली होती. संचालकसाहेब कुरकुरले. तेव्हा कलमरावांनीच तोड काढली. वाजवण्याची फी वेगळी आणि हक्काचा मोबदला वेगळा. मोबदला ठेवायचा वीस रुपये, त्यातून साडेबारा टक्के कपात, हातात साडेसतरा, आणि तो त्याच दिवशी द्यायचा. साहेब खूश झाले. गेली कित्येक वर्षे माझ्या खिडकीतून दर शनिवारी साडेसतरा रुपयांच्या पावत्यांची चळत जाते. आठ आण्यांची नाणी चालेनाशी झाल्यापासून आम्ही अठरा देतो आणि पुढच्या वेळी अर्धा रुपया वळता करून घेतो. तो हिशेब मी स्वतंत्र वहीत ठेवला आहे.

क्लॅरिनेट मात्र कलमरावांनी सोडली नाही. सोमवार ते शुक्रवार पहिल्या मजल्यावर वकील, शनिवारी तळघरातल्या स्टुडिओत वादक. शनिवारी इतरांबरोबर रांगेत उभे राहून तेही करारनाम्यावर सही करत. स्टुडिओचा व्यवस्थापक दर वेळी थट्टेने म्हणे, "वाचून घ्या हं." आणि कलमराव म्हणत, "अहो, मीच लिहिलाय, वाचायचं काय त्यात?" न वाचता केलेली दुसरी सही ती हीच. तशी ती एकदाच घडली असेही म्हणता येत नाही. दर शनिवारी घडत होती.

आता घरच्या चालीविषयी सांगायला हवे.

सात वर्षे मी कलमरावांच्या शेजारच्या इमारतीत राहत होतो. त्यांचे घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, चौपन्न पायऱ्या. वहिनी एका इस्पितळाच्या कागदपत्रांच्या विभागात कामाला. सकाळी साडेसहाला निघत. कलमरावांना स्वयंपाकातले काही येत नाही. चहा केला तर भांडे जळते. लग्नाच्या पहिल्या वर्षी त्यांनी यावर उपाय काढला. वहिनींनी दार ओढून घेतले की ते खिडकीत उभे राहून एक चाल वाजवत. ती बरोबर चौपन्न पायऱ्यांच्या मापाची होती. प्रत्येक मजल्याच्या वळणावर जरा थांबायची, मग पुन्हा खाली उतरायची, आणि वहिनी रस्त्यावर पाय ठेवत तेव्हा शेवटचा सूर लागायचा. वहिनी वर न बघता एक हात हलवत आणि बसथांब्याकडे जात. मी त्या वेळी दाढी करत असे. चाल संपली की पाणी बंद करायचे, असा माझा नेम झाला होता. पुढे वहिनींचे गुडघे दुखायला लागले, तशी चालही सावकाश झाली. दुसऱ्या मजल्यावरचा थांबा चांगलाच लांबला.

ही चाल विकायची नाही, असे दोघांत ठरलेले होते. कलमराव तिला 'घरची' म्हणत. ती त्यांनी कधी कागदावर लिहिली नाही आणि कुठल्या कार्यक्रमात वाजवली नाही.

गेल्या वर्षी फेब्रुवारीतल्या एका शनिवारी स्टुडिओत माइकची तार बिघडली. वीस मिनिटे काम थांबले. वादक बाहेर गेले. कलमरावांनी वाद्य थंड पडू नये म्हणून सवयीने काहीतरी वाजवले. काय वाजवतोय इकडे त्यांचे लक्ष नव्हते. सकाळी बोटांना जे सापडते ते सापडले. तार मध्येच जुळली होती आणि ध्वनिमुद्रकाने बटण बंद केलेले नव्हते.

पंधरा दिवसांनी कलमरावांच्या टेबलावर एक फाइल आली. झुरळ मारण्याच्या फवाऱ्याची जाहिरात. जाहिरात संस्थेला कंपनीच्या संग्रहातली एक चाल पसंत पडली होती आणि तिच्यावर कंपनीचा हक्क निर्वेध आहे असे वकिलांचे लेखी मत हवे होते. सोबत नमुना होता. कलमरावांनी तो लावला तेव्हा मी कपातीच्या तक्त्यावर सही घ्यायला तिथे उभा होतो. पडद्यावर झुरळांची रांग जिन्यावरून खाली उतरत होती. वळणावर रांग थांबे, मिशा हलवी, पुन्हा उतरे. शेवटच्या पायरीवर शेवटचा सूर लागला आणि सगळी झुरळे एकदम उताणी झाली.

कलमरावांनी नमुना बंद केला. माझ्या तक्त्यावर सही केली. ती चुकीच्या रकान्यात केली.

त्या संध्याकाळी त्यांनी वहिनींना सगळे सांगितले. दुसऱ्या दिवशी त्यांनीच मला ते सांगितले, शब्दाला शब्द. वहिनी रागावल्या नाहीत. भाजी निवडत होत्या, निवडत राहिल्या. मग म्हणाल्या, "नऊ पानं लिहिलीत ना? त्यात आपल्या घरापुरती एक ओळ घालायला जागा नव्हती?"

"मी कंपनीचा वकील आहे," कलमराव म्हणाले.

"ते ठाऊक आहे मला. मी विचारतेय, माझा वकील कोण?"

सोमवारी सकाळी वहिनी निघाल्या तेव्हा कलमराव क्लॅरिनेट घेऊन खिडकीपाशी गेले. वहिनी दारातूनच म्हणाल्या, "राहू द्या. आता ती वाजली की मला मिशा दिसतील." चौपन्न पायऱ्या त्या गुपचूप उतरल्या. माझी तेव्हाची जागा केव्हाच बदलली होती, त्यामुळे हे मी ऐकले नाही. पण त्या आठवड्यात कलमराव रोज दहा मिनिटे उशिरा येत होते.

मग सुरू झाला पत्रव्यवहार, आणि तो आवक-जावक नोंदवहीत क्रमांकासहित आहे. कलमरावांनी वादक या नात्याने कंपनीला नोटीस दिली की, सदर चाल खाजगी असून तिचा वापर थांबवावा. नोटीस रीतसर विधी विभागाकडे आली. विधी विभाग म्हणजे कलमराव. त्यांनी तिच्यावर 'तातडीचे' असा शिक्का मारला आणि तिसऱ्या दिवशी उत्तर दिले की, आपला दावा सर्वस्वी निराधार असून कलम सतराकडे लक्ष वेधण्यात येते. उत्तर इतके कडक होते की ते घरी पोचल्यावर वादक कलमरावांना ताप आला. त्यांनी प्रत्युत्तर पाठवले. विधी विभागाने त्याचाही समाचार घेतला. टपालखर्च दोन्ही बाजूंनी कंपनीच्या खात्यात पडू लागला, तेव्हा मी एका बाजूचा त्यांच्या पगारातून कापला. तो कोणत्या बाजूचा, याची त्यांनी चौकशी केली नाही.

मी एकदा म्हणालो की, साहेबांना सरळ जाऊन सांगा, माणूसच आहेत. कलमराव गेले. साहेबांनी आपुलकीने ऐकून घेतले. म्हणाले, चाल सुंदर आहे, घरात ठेवून कुजवायची कशाला, झुरळ तर सगळ्यांच्याच घरी असतं. आणि ते लेखी मत शुक्रवारपर्यंत हवे.

कलमराव रोज करारनामा काढून बसत आणि भोक शोधत. दुसऱ्या कोणा वकिलाने लिहिला असता तर त्यांना तासाभरात चार सापडली असती. "काय माणूस आहे," ते एकदा पानाकडे बघत म्हणाले. "कुठे श्वास घ्यायला जागा ठेवली नाही." हा माणूस म्हणजे आपणच, हे त्या घटकेला त्यांच्या ध्यानात होते की नाही, मी विचारले नाही.

मार्चअखेर होती. वर्ष बंद करताना मी प्रत्येक विभागाला त्यांच्याकडे अडकलेल्या पावत्यांची यादी पाठवतो. विधी विभागाची यादी एका ओळीची होती. गुरुवारी दुपारी मी ती घेऊन गेलो. दर वर्षी ते अशी यादी न बघता ट्रेमध्ये टाकत. त्या आठवड्यात मात्र त्यांना प्रत्येक कागद वाचायची इतकी सवय लागली होती की हाही वाचला.

पावती साडेसतरा रुपयांची होती. तारीख त्याच शनिवारची. घेणार, कलमराव. वादकांच्या पावत्यांवर विधी विभागाची मंजुरीची सही लागते, हा नियमही त्यांचाच. बाकीच्या अकरा पावत्यांवर त्यांनी ती त्याच दिवशी केली होती. स्वतःच्या पावतीवर नेहमी जुने वकील येऊन सही करत. निवृत्तीनंतरही महिन्यातून एकदा, चहासाठी. जानेवारीत ते वारले. त्यानंतर मार्चअखेरपर्यंत कलमरावांनी स्टुडिओत वाजवले ते त्या एकाच शनिवारी. तेव्हा कलमरावांनी स्वतःच्या पावतीवर लाल शाईत शेरा मारून ती ट्रेमध्ये ठेवली होती. शेरा असा: "घेणारा व मंजूर करणारा एकच असणे नियमबाह्य. प्रलंबित."

त्यांनी तो शेरा दोनदा वाचला. मग करारनाम्याचे दुसरे पान उघडले, चौथ्या कलमावर बोट ठेवले आणि मला म्हणाले, "खजिनदार, मला पैसे मिळालेले नाहीत."

"नाहीत," मी म्हणालो.

"म्हणजे चाल घरीच आहे."

शुक्रवारी त्यांनी लेखी मत दिले. सव्वा पान. त्या शनिवारच्या इतर अकरा वादकांचे हक्क कंपनीकडे निर्वेध, क्लॅरिनेटवादकाचे नाहीत. साहेबांनी मला आणि त्यांना एकत्र बोलावले. पाकिटातून वीस रुपयांची नोट काढून टेबलावर टाकली. "हे घ्या आणि मिटवा."

कलमरावांनी नोटेला हात लावला नाही. मोबदला पावतीवर अदा व्हायला हवा, पावतीला मंजुरी हवी, आणि मंजुरी मी देऊ शकत नाही, असे त्यांनी सांगितले. साहेबांनी माझ्याकडे पाहिले. मंजुरीशिवाय रोख देता येत नाही, असे मी म्हणालो, आणि ते खरेच आहे. दुसरा वकील नेमू, असे साहेब म्हणाले. नेमता येईल, कलमराव म्हणाले, पण नेमणुकीचा मसुदा विधी विभाग तपासतो, त्याला तीन आठवडे धरा, आणि बाहेरच्या वकिलाची फी पंधरा हजारांच्या आत बसणार नाही. फवारा सोमवारी बाजारात येणार होता. साहेबांनी नोट पुन्हा पाकिटात ठेवली आणि जाहिरात संस्थेला फोन लावून दुसरी कोणतीही चाल घ्यायला सांगितले.

त्यांनी संग्रहातली दंतमंजनाची घेतली. तिची पावती बिनचूक होती.

मंगळवारी सकाळी वहिनी दारात थांबल्या आणि म्हणाल्या, "वाजवा." कलमरावांनी वाजवली. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर त्या नेहमीपेक्षा जास्त वेळ थांबल्या, त्यामुळे शेवटचा सूर कलमरावांना दमाने धरून ठेवावा लागला. हे त्यांनीच मला सांगितले.

कलमराव कामाला चोख. एप्रिलच्या पहिल्याच आठवड्यात त्यांनी साहेबांना टिपण पाठवले की, करारनाम्याच्या चौथ्या कलमात गंभीर उणीव आढळली असून तिच्यामुळे कंपनीचे नुकसान झाले आहे. त्यांनीच नवा मसुदा केला. आता सही होताच हक्क कंपनीकडे जातो, मोबदला सवडीने, आणि वकिलाच्या यापुढच्या पावत्यांवर साहेबांची सही. वादक शनिवारी रांगेत सही करतात. व्हायोलिनवाले काका अजून येतात, हात थरथरतो तरी. त्यांनी विचारले, हे चौथं कलम बदललंत का हो? कलमराव म्हणाले, हो, थोडं सुटसुटीत केलं. काकांनी सही केली. त्यांचे त्या दिवशीचे साडेसतरा रुपये पुढच्या महिन्यात निघाले.

कलमराव स्वतः मात्र आता स्टुडिओत वाद्य उघडण्याआधी करारनाम्याची नऊ पाने वाचतात. व्यवस्थापक घड्याळ बघत उभा राहतो. मधल्या वेळेत ते वाद्य पेटीत बंद करून ठेवतात. थंड पडते, पडू देतात.

येत्या नोव्हेंबरअखेर मी निवृत्त होतो आहे. माझ्या जागी येणाऱ्या मुलीला सगळी खाती समजावून दिली. एका ओळीशी ती थांबली. कागदपत्र पूर्ण आहे, मंजुरी नाही, ओळ पुढे ओढायची, असे मी तिला सांगितले. तिने पुढे ओढली.

कंपनीकडून क्लॅरिनेटवादकाला साडेसतरा रुपये देणे आहे.